हळदीची फियाट

वाल्मीकअण्णांची फियाट तिसऱ्यांदा उकळली हे कळल्यापासून रंगनाथ मिस्त्रीचं जेवणात लक्ष नव्हतं. तशी ती गाडी काही त्याची नव्हती. एकोणसत्तर सालचं मॉडेल, पिस्त्याच्या रंगाचं, अण्णांनी देवळाली कॅम्पमधल्या एका पारशी डॉक्टरांकडून ब्याऐंशी साली घेतलेलं. पण तेव्हापासून त्या इंजिनाला रंगनाथशिवाय दुसऱ्या कोणाचा पाना लागला नव्हता. सिन्नर फाट्यावरचं गॅरेज त्याने सहा वर्षांपूर्वी बंद केलं, सगळी गिऱ्हाइकं सोडली, तेवढी ही एक फियाट सोडली नाही. बहात्तराव्या वर्षी माणसाला सकाळी उठून कुठेतरी जावंसं वाटायला काहीतरी लागतंच की.

आणि गेल्या गणपतीत त्या इंजिनाचं हेड उतरवून नवं गास्केट बसवलं होतं, ते त्यानेच.

तिथेच सगळी मेख होती. गास्केट नीट बसलं नसेल तर इंजिन तापणार, हे कालच धंद्यात आलेलं पोरही सांगेल. तेव्हा डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, बोटं थोडी थरथरायला लागली होती, तरी रंगनाथने ते काम दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. आता गाडी एकदा जेल रोडला उकळली, एकदा द्वारका चौकात उकळली, आणि तिसऱ्यांदा गंगापूर रोडला उकळली तेव्हा अण्णा एकटेच होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हा शहाणा माणूस, रुमाल घेऊन गरम रेडिएटरची कॅप उघडायला गेला. मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजला.

दवाखान्यातून आणल्यावर योगेश, म्हणजे अण्णांचा मुलगा, एवढंच म्हणाला, "बास. गाडी विकायची." मुंबई नाक्यावरच्या एका हॉटेलवाल्याला दारात शोभेला ठेवायला जुनी गाडी हवीच होती. तो रविवारी टेम्पो घेऊन येणार असं ठरलंसुद्धा. नवल याचं की अण्णा भांडले नाहीत. जो माणूस वायपर बदलण्यावरून तासभर वाद घालायचा, तो गाडी द्यायला नुसतं "हो" म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

शनिवारी सकाळी रंगनाथ पान्यांची पिशवी घेऊन जेल रोडच्या बंगलीवर पोचला तो मनाशी ठरवूनच. दोष गास्केटचा निघाला, तर अण्णांची गाडी आपण घालवली हे कबूल करायचं आणि पाने कायमचे पेटीत टाकायचे.

"कशाला आलास?" अण्णा पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसले होते. भाजलेल्या हाताला पांढरी पट्टी होती. "उद्या जायचीय ती."

"जाऊ द्या ना. पन जाताना कशानं तापत होती एवढं तर कळू द्या."

"तुला काय करायचंय कळून?"

"मला नाय तर कुनाला करायचंय?" असं म्हणत रंगनाथने बॉनेट उघडलंसुद्धा.

त्याने गार इंजिनाची कॅप काढली, पाणी भरलं आणि गाडी चालू केली. रेडिएटरच्या तोंडाशी डोळा नेऊन तो वाकून उभा राहिला. गास्केट फुटलेलं असेल तर पाण्यात बुडबुडे येतात. तो वाट बघत राहिला. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. बुडबुडा एकही आला नाही. त्याने ऑइलची पट्टी ओढून बोटावर पुसली. ऑइल काळं, साफ. पाण्याचा अंश असता तर ते ताकासारखं पांढुरकं झालं असतं.

गास्केट ठणठणीत होतं!

रंगनाथला एकदम हसूच आलं. अण्णांना काही सांगावं म्हणून त्याने तोंड उघडलं आणि परत मिटलं. आधी रोग सापडायला हवा होता.

पंख्याचा पट्टा ताणलेला होता. पंपातून आवाज नव्हता. पण इंजिन चांगलं गरम झालं तरी कॅपच्या तोंडातून दिसणारं पाणी जागच्या जागी उभं होतं. ते फिरायला पाहिजे होतं. म्हणजे मग थर्मोस्टॅट चिकटला असणार. इंजिन गरम झालं की उघडून पाण्याला वाट देणारी ती एक छोटीशी झडप. बाकीचे मिस्त्री ती सरळ काढून फेकून देतात, म्हणतात आपल्याकडे कुठे बर्फ पडतो. रंगनाथने कधी फेकली नाही. ज्याने गाडी बनवली त्याला आपल्यापेक्षा दोन गोष्टी जास्त कळत असतील, एवढा मान तो समोरच्याला द्यायचा.

इंजिन निवल्यावर त्याने रेडिएटरचा खालचा नळ उघडला. करंगळीएवढी धार आली, तांबूस पिवळट, आणि तीही थांबली. गंज, असं स्वतःशी म्हणत त्याने थर्मोस्टॅट काढला आणि थेट स्वयंपाकघरात गेला.

"वहिनी, एक पातेलं द्या. चहाचं नको, जुनं द्या."

कुसाबाईंनी काही न विचारता पातेल्यात पाणी घालून गॅसवर ठेवलं. चाळीस वर्षांत त्यांच्या गॅसवर काय काय शिजलं होतं याचा हिशोब नव्हता. एकदा तर रंगनाथने त्यांच्या तव्यावर स्पार्क प्लग भाजले होते. त्याने थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पाण्यात सोडला. पाणी तापलं, उकळी फुटायच्या बेताला आलं, आणि झडप बेतशीर उघडली. तिच्यातही दोष नव्हता. रंगनाथचा चेहरा पडला. आता काय राहिलं?

कुसाबाई मात्र पातेल्यात बघत होत्या. पाणी पिवळं होत चाललं होतं. त्यांनी हात पुढे करून गॅस बंद केला.

"भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या, "ही हळद हाय."

रंगनाथने वाकून वास घेतला. हळदच. शिजून शिजून काळपटलेली, पण हळदच. आणि त्याला एकदम सगळं आठवलं.

ही गोष्ट जुनी. पंचाऐंशीच्या सुमाराला हे सगळे मनमाडहून एक लग्न आटोपून येत होते. चांदवडच्या पुढे रेडिएटर गळायला लागला. रंगनाथने रस्त्याकडेच्या भज्यांच्या गाडीवरून चमचाभर हळद मागून आणली आणि रेडिएटरात टाकली. हळद फुगून बारीक भोकात बसली, गळती थांबली आणि मंडळी घरी पोचली. दुसऱ्याच दिवशी त्याने रेडिएटर उतरवून, धुऊन, भोक झाळून बंद करून दिला. पण घरच्यांच्या लक्षात राहिली ती हळद. झाळणं कोणाच्या लक्षात राहतं?

आणि गेल्या दिवाळीच्या आसपास, रंगनाथचं डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, हिरवी पट्टी बांधून तो घरात पडलेला, तेव्हा कुसाबाईंचा फोन आला होता. गाडीखाली थोडं थोडं पाणी ठिबकतंय, तुम्हाला या अवस्थेत बोलवायचं नाही, काय करू? तो म्हणाला होता, चमचाभर हळद टाका, मी बरा झालो की बघतो. कुसाबाई म्हणाल्या होत्या, यांना सांगू नका, जिवाला लावून घेतात.

पण फोन काही तो एकच आला नव्हता.

"मी एकदाच टाका म्हटलो होतो, वहिनी."

"ठिबकणं थांबलं ना त्यानं. मग म्हटलं बरी लागू पडतेय." कुसाबाईंनी पदर तोंडाला लावला. "दर शनिवारी मारुतीला तेल घालून आले की गाडीला हळदकुंकू वाहतेच मी. म्हटलं, बाहेरून वाहायची ती थोडी आतूनबी वाहावी."

"दर शनिवारी?"

"चमचाच. सपाट."

"काय चाललंय?" अण्णा दारात उभे होते. अण्णांनी पुढे येऊन पातेल्यात पाहिलं, नाकाने जोरात श्वास घेतला, आणि बायकोला रागावायला म्हणून बोट उचललं. ते बोट तसंच वर राहिलं.

"तू पण?" ते म्हणाले.

आता कुसाबाईंनी पदर काढला. "म्हणजे? तुम्हाला डॉक्टरांनी वाकायला बंदी केली होती ना?"

"वाकलो कुठे? बॉनेट उघडायला वाकावं लागत नाही." अण्णा रंगनाथकडे वळले. "यानेच सांगितलं फोनवर. चमचाभर टाका म्हणाला."

कुसाबाईंनी भाऊजींकडे असं पाहिलं की त्याला पातेल्यात उडी मारावीशी वाटली.

"तुमी दोघांनीबी सांगितलं होतं, दुसऱ्याला कळू देऊ नका म्हनून," रंगनाथ म्हणाला. "मी कधी कुनाची गोष्ट कुनाला सांगितली हाय का?" ते खरंच होतं. पोटातली गोष्ट पोटात ठेवण्याबद्दल रंगनाथची सगळ्या नाशिकरोडला ख्याती होती, आणि आज पहिल्यांदाच त्याला त्या ख्यातीची लाज वाटली. आता फक्त रेडिएटर उतरवून धुवायचा होता. तो पाना घेऊन बाहेर पळाला म्हटलं तरी चालेल.

खालच्या पाइपची क्लिप सोडायला त्याने स्क्रूड्रायव्हर लावला आणि थांबला. स्क्रूने जागच्या जागी धरायला हवं होतं. तो सैल फिरला. अर्धा आटा.

गणपतीत गास्केट बसवल्यावर हीच क्लिप त्याने शेवटी आवळली होती. आवळली होती असं त्याला वाटलं होतं. पाइपाच्या त्या कडेला ठिबकून ठिबकून पांढरा डाग पडला होता. रेडिएटर गळतच नव्हता. या खेपेला एकदाही गळला नव्हता. पाणी या क्लिपमधून येत होतं, त्याच्या हातून राहिलेल्या अर्ध्या आट्यातून, आणि ते थांबवायला हे बिचारे आत हळद ओतत बसले होते. उकळणं, अण्णांचा भाजलेला हात, उद्याचा टेम्पो, सगळं इथून सुरू झालं होतं.

रंगनाथने मागे वळून पाहिलं. नवराबायको पायरीवर बसून कोण किती वेळा चमचा घेऊन आलं यावरून भांडत होते. बरेच दिवसांनी अण्णांचा आवाज चढला होता. रंगनाथने क्लिप काढून खिशात टाकली.

अंगणात रेडिएटर उलटा करून त्याने नळाचा पाइप लावला. आधी काहीच येईना. मग एक पिवळा गोळा पडला, मग दुसरा, आणि मग पिवळा चिखलच चिखल. खाली ठेवलेली लोखंडी पाटी भरली. शेजारच्या बाईंनी गच्चीवरून विचारलं, कोणाची हळद आहे म्हणून. कुसाबाईंनी तोंड फिरवलं.

"एवढी आम्ही दोघांनी टाकली?" अण्णा पाटीकडे बघत म्हणाले.

रंगनाथ पाइप धरून उभा राहिला. तिसरा फोन जानेवारीत, दुसऱ्या डोळ्याची पट्टी सुटायच्या आत आला होता. त्यानेही शपथ घातली होती. दोघांची गोष्ट त्यांची त्यांनीच फोडली होती, पण तिसऱ्याची फोडायचा अधिकार रंगनाथला नव्हता, आणि टेम्पो तर उद्या येणार होता.

फाटकाशी स्कूटर थांबली. अंबडच्या कारखान्यांना शनिवारी सुट्टी असते, म्हणून योगेश सकाळीच गाडीच्या कागदांसाठी एजंटाकडे गेला होता. हातात फाइल घेऊन तो आत आला, पाटी पाहिली आणि जागीच थांबला. बेचाळीस वर्षांचा, चार माणसांना कामाला लावणारा सुपरवायझर, पण तोंड असं झालं की शाळेत बाकावर उभं केलेलं असावं.

"तुझ्या आईने हळद टाकली, मी हळद टाकली, रेडिएटर तुंबला," अण्णांनी थोडक्यात सांगितलं. "गाडीत दुसरं काही नाही. हस. तुला हसायचं असेल तर हस."

योगेशने रंगनाथकडे पाहिलं. रंगनाथने मान खाली घातली आणि पाटीतला चिखल काठीने ढवळला.

"मीपण," योगेश म्हणाला.

"काय मीपण?"

"मीपण टाकायचो. काकांना विचारून. दर रविवारी, तुम्ही फिरायला काढायच्या आधी." त्याने फाइल स्कूटरच्या सीटवर ठेवली. "खाली ओलं दिसलं की तुम्ही बघायला वाकणार, आणि वाकलात की चक्कर येणार. म्हणून आधीच टाकून ठेवायचो. पाकिटातली, ऑफिसच्या बॅगेत असायची."

कुसाबाई म्हणाल्या, "अरे माझ्या देवा," आणि हसायला लागल्या. अण्णा हसले नाहीत.

"कधी टाकायचास?"

"पहाटे. तुम्ही उठायच्या आत."

"मी तुझ्या आधी उठतो. खिडकीतून दिसायचास मला. बॉनेट उघडून बॅटरी मारून काहीतरी बघायचास."

"मग विचारलं का नाहीत?"

पट्टीचा सुटलेला दोरा अण्णा दुसऱ्या हाताने ओढत राहिले. "मला वाटलं, इंजिन नंबर लिहून घेतोयस. विकायला. दोन महिने तेच वाटत होतं मला. हा पोरगा अंधारात चोरून माझ्या गाडीचा नंबर उतरवतोय. मग तू परवा विकायची म्हणालास तेव्हा म्हटलं, हो. आता भांडून काय करू?"

"अण्णा!" योगेशचा आवाज फाटला. "मी कधी म्हटलं मला ती नको म्हणून? याच गाडीत मी लहानाचा मोठा झालो. तुमचा हात बघितला दवाखान्यात, आणि माझं डोकंच चालेना. गाडीचं काय घेऊन बसलात? मला तुम्ही हवेत."

हे असं तोंडाने म्हणायची त्या घरात पद्धत नव्हती. बोलून झाल्यावर योगेशलाच काय करावं कळेना. त्याने फोन काढला, बाजूला जाऊन हॉटेलवाल्याशी बोलला, आणि परत येऊन म्हणाला, "तो म्हणतोय, ठीक आहे, दुसरी बघतो."

कुसाबाईंनी डोळे पुसले. अण्णांनी नुसती मान हलवली, आणि मग उगाच रंगनाथवर खेकसले, "तीन माणसांना तीन वेळा हळद सांगितलीस! तुला कळलं नाही, गाडी एकच आहे ते?"

खरं तर सगळं मिटलं होतं. गाडी राहिली होती, गास्केट चांगलं होतं, आणि हळदीची शिवी खाऊन मोकळं होता येत होतं. खिशातली क्लिप कोणाला दिसणार नव्हती. नवी बसवली असती तर प्रश्नच नव्हता. पण तिघांनी आपापलं उघड केलेलं, पाटी समोर, आणि आपणच एक तोंड मिटून उभे, हे रंगनाथला सोसवेना. त्या गाडीशी त्याने कधी लबाडी केली नव्हती.

त्याने क्लिप काढून तळहातावर ठेवली.

"रेडिएटर गळत नव्हता, अण्णा. पाइपाची ही क्लिप ढिली राहिली होती. अर्धा आटा. गास्केट बसवलं तेव्हा माझ्याच हातानं राहिली." त्याने अण्णांच्या पट्टीकडे पाहिलं. "तुमचा हात भाजला तो माझ्यापायी. मी ठरवून आलो होतो, माझी चूक निघाली तर पाना परत धरायचा नाय. आता ही गाडी दुसऱ्या कुनाला दाखवा."

पाइपमधलं पाणी अंगणात वाहत होतं. योगेशने जाऊन नळ बंद केला.

अण्णा पायरीवरून उठले, रंगनाथजवळ आले आणि त्याच्या तळहातावरची क्लिप उचलून डोळ्यांजवळ नेली. त्यांनाही ती धड दिसत नव्हती. त्यांनी ती उलटीसुलटी केली.

"अर्धा?" त्यांनी विचारलं.

"अर्धा."

"चाळीस वर्षांत अर्धा." अण्णांनी क्लिप परत त्याच्या हातावर ठेवली आणि त्याची बोटं मिटवली. "मग आता फिरव की तेवढा. का त्यालाही दुसरा माणूस शोधू?"

नाक ओढत रंगनाथ खाली बसला. धुतलेला रेडिएटर योगेशने उचलून जागेवर धरला, रंगनाथने पाइप चढवला, क्लिप सरकवली आणि स्क्रूड्रायव्हर लावला. टोक दोनदा खाचेतून सटकलं. तेव्हा योगेशने त्याच्या हातावर आपला हात ठेवला, आणि दोघांनी मिळून स्क्रू फिरवला, घट्ट होईपर्यंत, आणि मग आणखी थोडा.